एका गेटाला एक घास

ज्या माणसाचा व्हिडिओ तुमच्या कॉलनीच्या ग्रुपवर येऊन गेला असेल, आणि तुम्ही तो हात जोडलेलं चिन्ह लावून पुढे पाठवलाही असेल, त्याचं नाव देवराव. व्हिडिओत दिसतं ते एवढंच. भर सकाळी एक काळा-पिवळा ऑटो बंगल्याच्या गेटापाशी थांबतो. मागे बसलेली म्हातारी गेटावरची पाटी मोठ्यानं वाचते. पुढचा म्हातारा मागे वळून तिच्या तोंडाजवळ हात नेतो. ऑटो रांगत रांगत पुढच्या गेटाशी जातो. पुन्हा तेच. खाली लिहिलेलं: 'सावधान. म्हातारा-म्हातारीचं सोंग घेऊन घरं हेरणारी टोळी. बाई घरांची नावं वाचते, माणूस फोनमध्ये भरतो. सर्व ग्रुपवर पाठवा.'

माणूस फोनमध्ये काही भरत नव्हता. त्याच्या हातात चमचा होता. तो बायकोला जेवू घालत होता.

हे समजायला कुणाला शाळा शिकावी लागत नाही. ऑटोजवळ जाऊन 'काका, काय चाललंय?' एवढं विचारलं असतं तरी झालं असतं. पण विचारायला खाली उतरावं लागतं, आणि व्हिडिओ गॅलरीतून काढता येतो.

देवराव उमरेडकडचा. बाप कोळसा खाणीत. घरातल्या सगळ्यांनी धरलं होतं की पोरगंही खाणीत लागणार. देवराव एकदा बापासोबत खाली उतरला, वर आला, आणि एसटीत बसून नागपूरला निघून आला. 'मले उजेडाचं काम पाह्यजे होतं,' असं तो सांगतो. आधी भाड्याचा ऑटो चालवला, मग स्वतःचा घेतला. प्रतापनगरकडच्या स्टँडवर त्याला सगळे 'बंडी' म्हणायचे, म्हणजे बैलबंडी. स्टेशन गाठायचं असलेला माणूस त्याच्या ऑटोत बसायचा नाही. पण पायाला प्लास्टर असलेले, पोटुशा बाया, डोळ्यांचं ऑपरेशन करून आलेले म्हातारे, ही सगळी गिऱ्हाइकं त्याला शोधत यायची. पुढे नंबर लागलेला ऑटोवाला म्हणायचा, 'थांबा आजी, तुमची बंडी येऊन राहिली.'

स्टँड हटवायला पोलीस घेऊन लोक आले होते तेव्हा मी मध्ये पडले, तक्रारी घेऊन भांडणं हेच माझं काम. आमची ओळख तिथली. त्या भांडणातही देवराव शांत होता. सगळे घोषणा देत होते आणि हा पाना घेऊन क्लचची वायर बसवत होता.

'अहो, तुमचं पोट जातंय आणि तुम्ही वायर कसली बसवता?' मी खेकसले.

'तुम्ही वरडून राहिल्या ना ताई,' तो म्हणाला. 'दोघांनी काहून वरडावं?'

त्याचं एक म्हणणं होतं. रिंगरोडनं सामान न्यायचं, माणूस गल्लीतनं न्यायचा. मे महिन्यात कुठल्या गल्लीत कडुनिंबाची सावली सलग आहे, दिवाळीनंतर बुचाची पांढरी फुलं कुठे सांडतात, कुठल्या बंगल्यात संत्र्याचं एकच झाड आहे आणि मालक त्याच्यापाशी खुर्ची टाकून बसतो, कुठल्या वळणावर संध्याकाळी कोणीतरी हार्मोनियमवर तीच चुकीची जागा पुन्हा वाजवत असतं, हे सगळं त्याच्या अंगात होतं. दुसरा गेअर, रेस नाही, हँडल दोन बोटांवर. रांगोळीवरून चाक जाऊ नये म्हणून तो ऑटो असा वळवायचा की मागे बसलेल्याला कळायचंही नाही. मी एकदा घाईत बसले होते. पहिल्या गल्लीत शिव्या दिल्या. तिसऱ्या गल्लीत गप्प झाले. उतरताना मला माझी मीटिंग कुठे आहे ते आठवावं लागलं.

त्याची बायको कौशल्या भिवापूरची. लग्नाआधी मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडतात त्या आवारात, देठं खुडायला जायची. तिसरीत शाळा सुटली होती. अक्षरं ओळखायची, पण जोडाक्षर आलं की थांबायची. जयताळ्याकडे दोन खोल्यांत संसार, मुलगा दुर्गेश लहान, सिनेमाला जायचं म्हटलं तर दहा वेळा विचार. मग रविवारी संध्याकाळी देवराव ऑटो पुसायचा, तिला मागे बसवायचा आणि बंगल्यांच्या ले-आउटमधून फिरवायचा. पोरगं मांडीवर. प्रत्येक गेटाशी थांबायचं आणि म्हणायचं, 'वाच.'

'श्र... श्रम... पुढं काय हाये हे, एकावर एक बसलेलं?'

'साफल्य.'

'म्हंजे काय अजी?'

'म्हंजे कष्ट केले अन् घर झालं.'

'मंग आपल्या घरावर लावा ना.'

'आपलं झालं कुठं वं अजून?'

ती तिची शाळा. नावं वाचता वाचता ती घरांना शेरे मारायला लागली. ह्यानं रंग चांगला दिला पण गेट कंजूसपणानं केलं. हिच्या मधुमालतीला पाणी कमी पडते. हे घर माझं, ते समोरचं तुमच्या आईले देऊन टाकू. कोणाचं काही न घेता दोघं वर्षानुवर्षं त्या ले-आउटचे मालक होते. पोरगं मोठं झालं, नोकरीला लागलं, मनीषनगरला फ्लॅट घेतला, तरी रविवारची फेरी सुटली नाही.

मग कौशल्या विसरायला लागली. आधी कुकर, मग रस्ता, मग दुर्गेश. शेवटी देवरावही तिच्या आठवणीतून गेला. सगळा जन्म त्याला 'अजी' म्हणणारी बाई त्याला 'ऑटोवाले भाऊ' म्हणू लागली. 'ऑटोवाले भाऊ, मले घरी सोडून द्या.' घरातच बसून. तो म्हणायचा, 'सोडतो बाई, पाच मिनिटं बसा.'

हेही त्यानं पचवलं. जे पचलं नाही ते पुढचं. तिनं खाणं सोडलं. दात घट्ट मिटून घ्यायची. दुर्गेशनं हातापाया पडून पाहिलं, सुनेनं खीर केली, शेजारणीनं नजर उतरवली. काहीच नाही. दवाखान्यात भरती केलं तेव्हा नाकातून नळी घातली. तिनं ती उपसून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग तिचे दोन्ही हात पलंगाच्या दांडीला बांधले. दवाखान्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. दुसरा उपाय त्यांच्याकडेही नव्हता. पण देवराव सकाळी गेला आणि तिच्या मनगटावर पट्टीचे वळ पाहिले.

'मिरची खुडून हात भाजायचे तिचे,' तो मला म्हणाला. 'रातभर पाण्यात बुडवून बसायची. लग्नात म्या तिले म्हटलं होतं, तुले आता हाताचं दुखनं नाही.'

त्यानं तिला घरी आणलं. त्याच परतीच्या वाटेवर ते घडलं. मोठ्या रस्त्यावर खोदकाम, गाड्यांची रांग. देवरावनं सवयीनं ऑटो आतल्या गल्लीत घातला, त्यांच्या रविवारच्या सुमेधा ले-आउटमध्ये. दुसरा गेअर, बुचाची फुलं रस्त्यावर पडलेली. मागून आवाज आला: 'श्रमसाफल्य.'

त्यानं ब्रेक मारला. मागे वळला. कौशल्या गेटाकडे पाहत होती आणि तिचं तोंड अर्धवट उघडं होतं, शेवटचं अक्षर अजून ओठांवर असल्यासारखं. त्याच्याजवळ केळं होतं. त्यानं तुकडा मोडून तिच्या तोंडात ठेवला. तिनं चावला आणि गिळला.

पुढचं गेट. 'कृपाछाया.' तुकडा. पुढचं गेट. 'रेवा.' तुकडा.

लहान पोराला आपण जेवू घालतो, हा घास चिऊचा, हा घास काऊचा. देवरावनं तेच केलं, फक्त चिऊ-काऊच्या जागी बंगले आले. दुसऱ्या दिवसापासून तो डबा घेऊन निघू लागला. मऊ भात, फिकं वरण, वर तूप. भिवापूरच्या बाईच्या डब्यात मिरची नाही, हे त्याला इतकं लागायचं की एकदा त्यानं चिमूटभर तिखट टाकलं. तिनं चक्क दुसरा घास मागितला. एका गेटाला एक घास. ले-आउटची एक गल्ली संपली की डबा संपायचा. हिवाळ्याचं ऊन, गेटावर लोंबणारे वेल, बंद दारांमागे भुंकणारी कुत्री, आणि ऑटोची ती भुरभुर. 'सावली.' घास. 'गोकुळ.' घास. कधी कधी ती नावासोबत जुना शेराही मारायची. 'रंग चांगला नाही दिला.' तेव्हा देवराव ऑटो बंद करून तसाच बसून राहायचा. परत बोलेल म्हणून.

म्हणजे कॉलनीनं पाहिलं ते बरोबरच पाहिलं. बाई नाव वाचत होती, माणूस तिला काहीतरी देत होता, रोज, त्याच वेळेला, प्रत्येक घरासमोर. फक्त त्याचा अर्थ त्यांनी आपल्या भीतीप्रमाणे लावला.

व्हिडिओ फिरला, आणि आठवड्याच्या आत ले-आउटच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसलं. त्याच्या आधी तिथे बोलणी चालूच होती म्हणे, आता कारण मिळालं. पाटी लागली: बाहेरच्या वाहनांना प्रवेश नाही. रस्ता मनपाचा, डांबर मनपाचं, दिवे मनपाचे, आणि फाटक ह्यांचं. नागपुरात असली फाटकं कुठे कुठे आहेत ते मी तुम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण ह्या फाटकापुरतं सांगते.

फाटकावर शालिक नावाचा म्हातारा पहारेकरी ठेवला. देवराव डबा घेऊन आला, शालिकनं हात आडवा केला.

'जाऊ दे ना गा. बुढीले जेवू घालतो अन् येतो.'

'घरी घाल ना.'

'घरी खात नाही.'

'मंग काय गेट खाते का?' शालिक हसला. मग त्यानं कौशल्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं. 'माह्या हातात काही नाही भाऊ. मले काढून टाकतील.'

त्या दिवशी डबा भरलेला परत गेला. दुसऱ्या दिवशी देवरावनं दुसऱ्या गल्ल्या धरल्या. लक्ष्मीनगर, बजाजनगर, त्रिमूर्तीनगर. पण तिथे बंगले पडून फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्यात. नावं आहेत, पण वर कुठेतरी तिसऱ्या मजल्यावर, इंग्रजीत, चमकत्या अक्षरांत. कौशल्याची नजर गेटाच्या उंचीवरून वर जात नव्हती. जिथे पार्किंगचं शटर असायचं तिथे ती शटरकडे पाहायची आणि दात मिटायची. दुर्गेशनं मनीषनगरला नेलं. नव्या इमारती, नवे रस्ते. ती फक्त म्हणाली, 'ऑटोवाले भाऊ, चुकले तुम्ही.'

मग देवरावनं घरीच उपाय केला. ऑटो अंगणात उभा करून तिला आत बसवलं. चालू करून ठेवला. स्वतः समोर उभा राहून नावं म्हणू लागला: श्रमसाफल्य, कृपाछाया, रेवा. खडूनं पुठ्ठ्यावर लिहून धरली. शेजारपाजारचे पाहायला जमले. कौशल्यानं पुठ्ठ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तोंड फिरवलं. चमच्यातला भात गाडीच्या हादऱ्यानं खाली पडला. तो त्यानं उचलला, पुन्हा भरला, पुन्हा धरला. असं दुपारपर्यंत. शेजारीण शेवटी म्हणाली, 'बंद करा ना गाडी भाऊजी, धूर होऊन राहिला.'

त्यानंतर तो माझ्याकडे आला. मी पोलीस चौकीत गेले, मनपाच्या झोन कार्यालयात गेले, अर्ज टाकले, पोच घेतली, टेबलावर हात आपटला. साहेब म्हणाले, फाटक बेकायदेशीर दिसतं, सुनावणी लावू. कधी? लावू. माझा ह्यावर विश्वास आहे. सुनावणी लागते, उशिरा लागते, पण लागते. देवराव बाहेर बाकावर बसायचा आणि मी बाहेर आले की एकच विचारायचा, 'उद्या जाता येईन का?'

कौशल्या आता पाण्याचे घोट तेवढे घ्यायची. इतकी वाळली की चादरीखाली ती कुठे आहे ते कळेनासं झालं. दुर्गेश शुक्रवारी आला आणि बापासमोर बसला. मी तिथेच होते.

'सोमवारी भरती करतो,' तो म्हणाला. 'डॉक्टरशी बोललो.'

'हात बांधतील.'

'बांधू दे. जिवंत तं राहीन.'

'तू पाह्यले नाही वळ.'

'पाह्यले बाबा. म्या नाही पाह्यले का? माय हाये माही.' मग हळू म्हणाला, 'तुम्ही तिले फिरवून राहिले का सोताले, सांगा मले. तिले काही कळते का त्या पाट्यांचं?'

देवराव उठला आणि तिची चादर सारखी केली. मला वाटलं त्याला राग आला. राग नव्हता. हाच प्रश्न त्यानं स्वतःला कितीदा तरी विचारला होता आणि उत्तर मिळालं नव्हतं.

रविवारी मी त्याला घेऊन वसंतरावांकडे गेले. हे ले-आउटच्या समितीचे सचिव, हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा सदरा घालून घरात बसणारे गृहस्थ. कौशल्याला फाटकाबाहेर ऑटोत ठेवलं, शालिक तिच्याजवळ उभा राहिला. आम्ही दोघं पायी आत गेलो. पायी जायला बंदी नव्हती.

वसंतरावांनी आम्हाला व्हरांड्यात बसवलं. पाणी दिलं. मी रस्त्याच्या मालकीवरून सुरुवात केली.

'बाई, आवाज चढवू नका,' ते म्हणाले.

'चढवलेला नाही. माझा असाच आहे.'

'तुम्ही तक्रार केली आहे ना? मग सुनावणीत भेटू. हे इथे कशाला?'

'सुनावणीपर्यंत ती बाई राहणार नाही म्हणून.'

वसंतरावांनी आतल्या खोलीकडे हात केला. 'माझी आई आत आहे. ह्याच गेटात तिच्या हातातल्या पाटल्या कापून नेल्या. जोडपंच होतं, पत्ता विचारायला आलेलं. चांगलं वयस्कर. आईनं त्यांना पाणी दिलं होतं. तुमचा माणूस प्रामाणिक असेल. असेलच. पण मी आईला काय सांगू?'

तेवढ्यात आतून म्हाताऱ्या आवाजात हाक आली. 'वसंता, कोण आलंय? ती वाचणारी बाई का?'

'नाही आई. तू पड.'

'बरेच दिवसांत आली नाही रे. आपलं नाव फार चांगलं वाचायची.'

वसंतराव उठले, आतलं दार ओढून घेतलं आणि परत येऊन बसले. आमच्याकडे न बघता म्हणाले, 'सभेत ठरलंय. बाहेरची गाडी चालू करून आत यायची नाही. मी एकटा ठराव मोडू शकत नाही.'

इतका वेळ देवराव गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. तो म्हणाला, 'बंद करून आणली तं चालते का जी?'

'म्हणजे?'

'इंजिन बंद. ढकलत.'

वसंतरावांनी माझ्याकडे पाहिलं, हे मीच पढवलंय अशा नजरेनं. माझ्या तर डोक्यात ते ऐकूनच ठिणगी पडली होती.

'तसा काही ठराव नाही,' ते म्हणाले.

'ठराव नाही म्हंजे चालते?'

'आवाज नको. आणि प्रत्येक घरासमोर थांबायचं नाही.'

'थांबल्याबिगर घास कसा देऊ जी?'

टीपॉयवरचा पेपर वसंतरावांनी उचलला, घडी उलट केली, पुन्हा ठेवला. 'बघा काय ते,' म्हणाले, आणि आत गेले.

बाहेर पडताच मी देवरावला धरलं. 'ढकलत नेणार? तुमच्या हक्काच्या रस्त्यावरून? ही काय भीक आहे? उद्या म्हणतील डोक्यावर घेऊन जा. आज तुम्ही हे मान्य केलं की माझ्या तक्रारीत काय राहिलं?'

'तुमची लढाई तुम्ही लढा ताई,' तो चालता चालता म्हणाला. 'खरी हाये. पण सोमवार उद्या हाये.'

शालिकनं फाटक पूर्ण उघडलं. देवरावनं डबा सीटवर ठेवला, उजव्या हातानं हँडल धरलं, डाव्या हातानं खांबाला जोर लावला. ऑटोवाले पंपाच्या रांगेत गाडी अशी ढकलतात, पण ते तरणे असतात. पहिल्या हिसक्याला ऑटो हलला नाही. दुसऱ्याला हलला. मी मागून हात लावला.

'नका लावू,' तो म्हणाला. 'चालीचा हिशोब बिघडते.'

श्रमसाफल्य. तो थांबला, डबा उघडला, चमचा भरला. कौशल्या गेटाकडे पाहत होती. त्यानं वाट पाहिली. गेट होतं, वेल होता, पाटीवर ऊन पडलं होतं. तिनं काही म्हटलं नाही. दात मिटलेले.

'वाच ना वं,' तो अगदी हळू म्हणाला. 'श्रम... वाच.'

नाही.

कृपाछाया. नाही. रेवा. नाही. गॅलऱ्यांमध्ये माणसं येऊन उभी राहिली होती. कोणाच्या तरी हातात फोन होता. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली गेला. सावली. गोकुळ. देवरावचा सदरा पाठीला चिकटला होता, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. प्रत्येक गेटाशी तो हँडल सोडून चमचा भरायचा, धरायचा, पुन्हा डब्यात रिता करायचा. भात गार होऊन त्याचा गोळा झाला होता. वसंतरावांच्या गेटाशीही तेच. त्यांच्या आई, यमुताई, खिडकीच्या गजांना धरून उभ्या होत्या. पाटल्या गेल्यापासून त्यांची मनगटं मोकळी होती. त्या आतून म्हणाल्या, 'वाच गं बाई.' कौशल्यानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गल्ली संपली. पुढे भिंत. देवराव ऑटोला टेकून उभा राहिला, मग खाली फुटपाथच्या दगडावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्या माणसाला मी स्टँडवर पोलिसांसमोर पाहिलंय, दवाखान्यात पाहिलंय. असा बसलेला कधी पाहिला नव्हता. दुर्गेशचं बरोबर होतं, असं मला त्या क्षणी वाटलं. ती कधीच वाचत नव्हती. काहीतरी आतून यायचं ते यायचं. आता तेही संपलं.

मग ऑटोतून आवाज आला. बसका, पण स्पष्ट.

'ऑटोवाले भाऊ. बंद पडली का गाडी?'

देवरावनं मान वर केली.

'हो बाई. पडली.'

'म्या उतरू का? धक्का देतो मी.' ती खरंच सीटवरून पुढे सरकली. पाय खाली सोडायला लागली, काटक्यांसारखे पाय. 'एकटे काहून ढकलून राहिले तुम्ही?'

'नको नको. बसा बाई तुम्ही.' तो घाईनं उठला. 'होते आता. बसा.'

'थकले तुम्ही.'

'थकलो बाई.'

'जेवले का?'

देवरावनं डबा उचलला. 'नाही,' तो म्हणाला. 'तुम्ही जेवल्याबिगर कसा जेवू?'

तिनं थोडा विचार केला. परक्या माणसाचा मान राखायला करतात तसा. मग तोंड उघडलं.

तो घास कोणत्या गेटाचा, ते सांगता येत नाही. समोर नुसती भिंत होती. तिनं चावला, वेळ लावून चावला, आणि गिळला. दुसऱ्या घासाला नको म्हणाली. देवरावनं ऑटो फिरवला आणि परत निघाला. परतीच्या वाटेवर रेवाच्या गेटाशी अजून एक घास गेला. एकूण तेवढंच. डबा जवळजवळ भरलेलाच घरी गेला.

सोमवारी दुर्गेशनं तिला नेलं नाही. पुढचा सोमवार म्हणाला. तेव्हापासून त्यांच्या घरात प्रत्येक आठवड्याला एक पुढचा सोमवार असतो. कधी चार घास जातात, कधी एकही नाही. नावं ती आता क्वचितच वाचते. पण गाडी थांबली की विचारते, बंद पडली का. आणि धक्का द्यायला उतरायला बघते. ती घास घेते तो बहुतेक त्याच वेळेला, थकलेल्या ऑटोवाल्याची दया येऊन.

फाटक तसंच आहे. माझी तक्रारही तशीच आहे, आणि मी ती मागे घेणार नाही. वसंतरावांना मी नमस्कार करत नाही, ते मला करतात.

परवा मी पुन्हा त्या गल्लीत गेले होते. देवराव ऑटो ढकलत होता. पायाला सूज होती, एक चप्पल फरफटत होती. हिशोब बिघडतो हे मला ठाऊक होतं, तरी मी गुपचूप मागून हात लावला. माणसाचं चालणं त्याहून हळू असू शकत नाही, इतका तो ऑटो हळू होता. गोकुळच्या गेटाशी कौशल्या मान वळवून काहीतरी शोधत होती.

'सोडा ताई,' देवराव मागे न बघता म्हणाला. 'गाडी जोरात जाऊन राहिली.'